गल्लीचा रस्ता केव्हा करावा? – एक हिशेब

मोठ्या रस्त्यांविषयी वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून येतात. गल्लीविषयी सहसा कोणी लिहीत नाही. मराठीत गल्ली म्हणा, कन्नडात ओणी म्हणा, शहरातली बहुतेक माणसे राहतात ती तिथेच. ‘आमची गल्ली केव्हा होणार?’ असा प्रश्न आपल्या बेळगावात दर पावसाळ्यानंतर ऐकू येतो आणि ‘निधी आला की करू’ हे ठरलेले उत्तर मिळते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचे या उत्तराने समाधान होण्यासारखे नाही. निधी केव्हा येईल हा एक प्रश्न झाला. आलेला निधी कोणत्या गल्लीवर, कोणत्या वर्षी खर्च करावा हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने काढता येते. ते कसे, एवढेच प्रस्तुत लेखात पाहू.

उदाहरणादाखल आमच्या गल्लीसारखीच एक गल्ली घेऊ. लांबी १०० मीटर, रुंदी ४ मीटर, एक तोंड बंद, दोन्ही बाजूंची मिळून २२ घरे. जुन्या डांबराची कुठे कुठे ठिगळे उरली आहेत, बाकी खडी उघडी पडली आहे. अशा गल्लीसंबंधी तीन प्रश्न क्रमाने विचारले पाहिजेत.

(१) जमिनीखाली काय व्हायचे आहे?
पाण्याचे नळ, सांडपाण्याची वाहिनी, विजेची केबल ही सर्व रस्त्याखालूनच जातात. आपल्या शहरात २००८ पासून काही भागांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. अशी योजना पुढच्या भागात न्यायची म्हणजे खोदकाम आलेच. दोन वर्षांत नळ बदलायचे असतील तर आज डांबर घालणे म्हणजे शिवून झालेला सदरा खिसा लावण्यासाठी पुन्हा उसवणे होय. चरावर कितीही चांगले ठिगळ लावले तरी सांध्यातून पाणी मुरते. म्हणून आधी नळ, मग गटार आणि शेवटी रस्ता हाच क्रम योग्य.

(२) पाणी जाते कुठे?
अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम ट्रक चालवून एक मोठी चाचणी घेण्यात आली. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते, असा तिचा निष्कर्ष निघाला. मोटारीच्या आसाच्या दसपट भार ट्रकच्या आसावर असेल, तर या नियमाने झीज दहा हजार पट होते! तेव्हा आमच्या गल्लीतल्या सायकली आणि स्कूटरी रस्ता बिघडवीत नाहीत. बांधकामाची वाळू घेऊन येणारा एखादा ट्रक आणि चार महिने साचणारे पाणी यांनीच तो बिघडतो. पाणी डांबराला खडीपासून सोडवते आणि खालची माती मऊ करते. मध्ये उंचवटा, कडेला उतार आणि वाहते गटार नसेल, तर नवा रस्ताही फार पावसाळे काढणार नाही.

(३) थांबण्याची किंमत किती?
हा खरा आपल्या विषयाचा प्रश्न. समजा, काम ४ लाखांचे आहे आणि पैशावर ८ टक्के व्याज धरले. एक वर्ष थांबल्यास ३२,००० रुपये वाचतात. आता दुसरी बाजू मांडू. खड्डे बुजवण्यास १०,००० रुपये आणि पाया आणखी खचल्यामुळे वाढणारे काम १५,००० रुपये, एकूण २५,०००. वरवर पाहता थांबणेच फायद्याचे दिसते. परंतु खडी, डांबर, मजुरी यांचे भाव वर्षात ५ टक्के वाढले, तर तेच काम २०,००० रुपयांनी महाग होईल. म्हणजे खरी बचत उरली १२,०००, आणि नुकसान २५,०००. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. नियम मात्र कोणत्याही आकड्यांना लागू पडतो. ज्या वर्षी थांबण्याचा खर्च थांबण्याच्या बचतीपेक्षा जास्त होतो, ते वर्ष रस्ता करण्याचे.

यात एक रक्कम अजून धरलेलीच नाही. रिक्षा आत येत नाही म्हणून आजारी माणसाला तोंडापर्यंत उचलून न्यावे लागते, म्हातारी माणसे चिखलात घसरतात, उन्हाळ्यात घराघरांत धूळ बसते. हा खर्च पालिकेच्या वहीत कुठेच पडत नाही, तो बावीस घरांच्या वह्यांत विखुरलेला असतो. वहीत नाही म्हणून तो नाहीच, असे म्हणता येणार नाही. केवळ वाहने मोजून क्रम लावला, तर बंद तोंडाच्या गल्लीचा नंबर कधीच लागणार नाही, कारण तिथून पलीकडे जाणारा कोणी नसतो. म्हणून मोठ्या रस्त्यांचा आणि गल्ल्यांचा निधी वेगळा ठेवून गल्ल्यांची तुलना गल्ल्यांशीच करणे न्यायाचे होईल.

हे घडवून आणण्याची साधने आपल्या हाती आहेत. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) जी बारावी अनुसूची आली, तिच्यात रस्ते व पूल हा विषय नगरपालिकांकडे दिलेला आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, अशी तरतूद त्याच दुरुस्तीत आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये गल्लीचे अंदाजपत्रक आणि कामांचा क्रम कोणासही मागता येतो. गल्लीचे नाव, खोदकामाचे वर्ष, रस्त्याचे वर्ष आणि अंदाजे खर्च अशी चार रकान्यांची यादी प्रत्येक प्रभागात कन्नड व मराठी दोन्ही भाषांत लावली, तर निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

आपला नंबर पाचव्या वर्षी आहे असे कळले, तर माणूस कुरकुरत का होईना, थांबतो. नंबर आहे की नाही हेच कळले नाही, म्हणजे तो ओळखीचा माणूस शोधू लागतो. मग ज्याची ओळख मोठी त्याची गल्ली आधी होते आणि हिशेब बाजूला राहतो. विद्यार्थीमित्रांनो, घसारा आणि व्याज आपण परीक्षेपुरते शिकतो. या सुट्टीत आपापल्या गल्लीची लांबी-रुंदी टेपने मोजावी, वरील तीन प्रश्नांची उत्तरे शेजाऱ्यांसह कागदावर लिहावीत आणि तो कागद प्रभागाच्या कचेरीत देऊन पोच घ्यावी. अर्ज कोणत्या भाषेत लिहिला तरी बेरीज एकच येते.