पीक वाढले, प्राप्ती घटली : शेतकीच्या अर्थशास्त्राचा पहिला पाठ

गणित, रसायन, वाङ्मय, कायदा अशा अन्य विषयांत पदवी घेऊन शेतकीच्या अर्थशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा पाठ लिहिला आहे. अशा विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा एक समजूत अगोदरच दृढ झालेली असते. ती अशी की, एकरी उत्पन्न वाढले म्हणजे शेतकऱ्याचे उत्पन्न वाढलेच पाहिजे. या वाक्यातील घोटाळा आपल्या भाषेनेच थोडासा वाढविला आहे. कारण शेतात आलेल्या मालास आपण उत्पन्न म्हणतो व हाती आलेल्या पैशासही उत्पन्नच म्हणतो. म्हणून या पाठापुरते मालास ‘पीक’ व पैशास ‘प्राप्ती’ म्हणू. पीक व प्राप्ती या दोन निरनिराळ्या वस्तू असून, पहिली वाढत असता दुसरी घटू शकते, हे ज्यास उमगले त्याचा या शास्त्रात प्रवेश झाला असे समजावे. हा केवळ परीक्षेपुरता विषय नव्हे. आजचा विद्यार्थी उद्या पेढीत, सरकारी कचेरीत किंवा सहकारी संस्थेत बसून शेतकऱ्यास सल्ला देणार. आणि सल्ला चुकला तर त्याचे फळ सल्लागारास नव्हे, शेतकऱ्यास भोगावे लागते.

मागणीचा स्वभाव

कापड स्वस्त झाले तर मनुष्य एकाऐवजी दोन सदरे शिवील. पण धान्य स्वस्त झाले म्हणून तो दुप्पट भाकरी खात नाही. पोटास मर्यादा आहे. भाव पुष्कळ उतरला तरी खप थोडाच वाढतो, आणि भाव पुष्कळ चढला तरी खप थोडाच कमी होतो. अशा मागणीस ताठर मागणी म्हणतात. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली बेल्जममधील कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखविले की, कुटुंबाची मिळकत जसजशी वाढते तसतसा मिळकतीपैकी अन्नावर खर्च होणारा हिस्सा कमी होत जातो. म्हणजे देश श्रीमंत झाला तरी त्या प्रमाणात अन्नाची मागणी वाढत नाही.

मागणी ताठर असली म्हणजे काय घडते, याचा एक जुना ठोकताळा इंग्लंडातील ग्रेगरी किंग याच्या नावाने प्रसिद्ध असून तो चार्ल्स डॅव्हेनंट याने १६९९ साली छापला. धान्याचे पीक नेहमीपेक्षा एक दशांशाने कमी आले तर भाव तीन दशांशांनी चढतो, व दोन दशांशांनी कमी आले तर आठ दशांशांनी चढतो, असे त्यात सांगितले आहे. हे आकडे आजच्या बाजारास जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. तथापि त्यांवरून हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, नेहमीचे पीक १०० क्विंटल व भाव २,००० रुपये आहे. प्राप्ती २ लाख रुपये झाली. आता पीक ९० क्विंटल आले व भाव २,६०० झाला, तर प्राप्ती २ लाख ३४ हजार होते. पीक ८० व भाव ३,६०० झाला, तर ती २ लाख ८८ हजार होते. हाच हिशेब उलट वाचला म्हणजे भरघोस हंगामात शेतकरी का रडतो, ते कळते. शिवाय काढणी, भराई व वाहतूक यांचा खर्च क्विंटलागणिक असल्यामुळे जास्त पिकास तो जास्त येतो.

यावरून पीक कमी काढावे असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. विपुलतेचा लाभ नाहीसा होत नाही. तो खाणाऱ्याच्या पदरात पडतो, आणि खाणाऱ्यांत शेतमजूर व अल्पभूधारकही येतातच. प्रश्न आहे तो लाभाच्या वाटणीचा.

एकाचे हित व सर्वांचे हित

येथे एक शंका उत्पन्न होते. पीक वाढल्याने तोटा होतो, तर शहाणा शेतकरी पीक का वाढवितो? याचे उत्तर असे की, एकट्याच्या मालाने बाजाराचा भाव हलत नाही. लासलगावच्या बाजारात दोन गाड्या अधिक आल्या काय किंवा न आल्या काय, लिलाव त्याच भावाने होणार. म्हणून एकट्यापुरते पाहता पीक वाढविणे हेच शहाणपण. पण तेच शहाणपण सर्वांनी केले की भाव कोसळतो. एकाने विहीर खोल केली तर त्यास पाणी अधिक लागते. साऱ्या शिवाराने विहिरी खोल केल्या तर पाण्याची पातळीच खाली जाते, आणि ज्याने खोदकाम केले नाही त्याची विहीर कोरडी पडते. सुधारलेल्या बियाण्याचेही असेच होते. प्रथम वापरणारास जुन्या भावाने नवे पीक विकता येते. मागून येणारास नवे पीक उतरलेल्या भावाने विकावे लागते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विलर्ड कॉक्रेन याने १९५८ साली या स्थितीस पायचक्कीची उपमा दिली : कितीही पावले टाकली तरी मनुष्य आहे तेथेच राहतो, आणि थांबला तर मागे पडतो.

लावणीचा भाव व काढणीचा भाव

शेतीत निर्णय व फळ यांच्यामध्ये महिने जातात. उन्हाळी कांद्याची लावण डिसेंबर-जानेवारीत होते व काढणी मार्च ते मे या काळात. लावणीच्या वेळी शेतकऱ्यासमोर असतो तो त्या दिवशीचा भाव. काढणीचा भाव त्यास दिसत नाही. भाव चढा असेल तर अनेकजण क्षेत्र वाढवितात, माल एकदम येतो, भाव पडतो. पुढील वर्षी क्षेत्र घटते व भाव पुन्हा चढतो. हे चक्र कागदावर रेखाटले असता कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती होते, म्हणून निकोलस काल्डोर याने १९३४ साली त्यास तेच नाव दिले. शेतकरी अविचारी म्हणून हे चक्र फिरत नाही. हाती असलेल्या एकाच खुणेवरून तो निर्णय घेतो, आणि तीच खूण सर्वांच्या हाती असते.

सरकारी धोरणाने या अनिश्चिततेत भर पडते. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ रोजी शर्तींसह खुली झाली. शहरातील गृहिणीस कांदा परवडावा हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु कांद्यास किमान आधारभूत किंमत नाही. पडलेला भाव शेतकऱ्याचा व चढलेला भाव मात्र रोखून धरावयाचा, असे झाल्यास वाईट वर्षाची भरपाई चांगल्या वर्षात होण्याचा मार्ग अरुंद होतो, हे अभ्यासकाने नोंदविले पाहिजे.

बाजाराच्या दिवशीचा हिशेब

‘तोटा होतो तर विकतो कशाला?’ असे परका मनुष्य विचारतो. उत्तर असे की, रोप, खत व मशागत यांवर झालेला खर्च विक्रीच्या दिवशी परत येणारा नसतो, माल विका वा विकू नका. त्या दिवशी पाहावयाचे ते एवढेच की, येणारा भाव गाडीभाडे, हमाली व तोलाई भागवून काही शिल्लक ठेवितो की नाही. शिल्लक राहत असेल तर एकूण तोटा असूनही विकणेच शहाणपणाचे. काढणीचाही खर्च निघत नसेल तर उभ्या पिकात नांगर घालणे हाच कमी तोट्याचा मार्ग ठरतो.

मग चाळीत साठवावा असे सुचविले जाते. तोही हिशेब मांडू. भाव १,२०० असता १०० क्विंटल कांदा साठविला, आणि चार महिन्यांत सुकून व सडून चौथा हिस्सा घटला, असे धरू. उरलेले ७५ क्विंटल १,६०० रुपयांनी विकले तर केवळ पहिल्या दिवसाचे १ लाख २० हजार हाती येतात; चाळीचा खर्च, निवडणीची मजुरी व व्याज निराळेच. शिवाय ज्यास कर्जाचा हप्ता या महिन्यातच भरावयाचा आहे, त्यास थांबण्याची मुभाच नसते. थांबण्याची ताकद हेही एक भांडवल आहे, आणि ते लहान शेतकऱ्यापाशी सर्वांत कमी असते.

नियमाची मर्यादा

हा नियम सर्व पिकांस सारखा लागू नाही. कापसाचा भाव पुष्कळसा जागतिक बाजारावर ठरतो. म्हणून विदर्भात पीक उत्तम आले तरी भाव फारसा पडेलच असे नाही. परंतु विदर्भात दुष्काळ पडला व इतर देशांत पीक चांगले आले, तर चढ्या भावाची भरपाईही मिळत नाही. येथे पीक व प्राप्ती दोन्ही एकदमच जातात.

सारांश, कोणतीही सुधारणा सुचविण्यापूर्वी अभ्यासकाने चार प्रश्न विचारावे. या मालाची मागणी ताठर आहे की लवचिक? सुधारणा एकजण करणार की सारेजण? निर्णय व विक्री यांमध्ये किती काळ जातो? आणि भाव पडल्यास थांबण्याची ताकद कोणापाशी आहे? एकरी किती पिकले, हा पाचवा प्रश्न होय. तोही महत्त्वाचा आहे. पण पहिल्या चारांची उत्तरे हाती असल्याशिवाय त्याच्या उत्तरावरून शेतकऱ्याच्या घरात काय आले, हे सांगता येणार नाही.