वहीतली चूक काकूंना कशी सांगू?

प्रश्न : आमच्या बचत गटाचं लिखाण एक काकू सांभाळतात. त्या मनापासून राबतात, पण हप्त्यांच्या नोंदी मागे पडतात, कधी चुकतात. बैठकीत विषय काढला की त्यांना लागतं, मग बोलणंच बंद. त्यांना न दुखावता कसं सांगावं?
– एक वाचक, केळापूर

उत्तर : गाडगेबाबा (१८७६–१९५६) तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. कर्ज काढून केलेली लग्नं, देवापुढे कापलेला बोकड, दारू यांवर ते कडक बोलत, तरी माणसं कीर्तनाला गर्दी करत. कारण बाबा आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत होती, ती त्यांनी प्रथम स्वतःच्या घरी मोडली आणि गोडाचं जेवण वाढलं. कीर्तनात ते प्रश्न विचारत जात. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून यायचं, त्यामुळे ते कुणाला नाकारता येत नसे.

तुम्हीही आधी खराटा हातात घ्या. बैठकीच्या आदल्या दिवशी काकूंकडे जा आणि लिहायला मदत करू का, म्हणून विचारा. कापूस वेचणीचे दिवस असतील तर संध्याकाळी नको. दिवसभर वाकून आलेल्या बाईला चूक दाखवणं मला तरी बरोबर वाटत नाही. शेजारी बसून वही आणि सभासदांची पासबुकं एकत्र उघडा. ‘काकू, मागच्या महिन्याचा हप्ता मले इथं दिसून नाही राहिला, कुठं लिहिला तुमी?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. चूक त्यांनाच सापडू द्या. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ हे वाक्य मात्र तोंडात येऊ देऊ नका. त्यात एका नोंदीवरून अख्ख्या माणसाचा निकाल लागतो.

पण गोड बोलण्याच्या नादात मुद्दा गिळू नका. कोणती तारीख, किती रक्कम, हे स्पष्ट सांगा. बचत गटांच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला हिशेब अद्ययावत ठेवणंही आहे. सगळ्यांनी मान्य केलेल्या नियमाचा आधार घेतला की वाद तुमच्या-त्यांच्यात राहत नाही. दर बैठकीत नोंदी मोठ्यानं वाचायचा ठरावही करून घ्या, म्हणजे चूक त्याच दिवशी दुरुस्त होईल. एवढं करूनही बेरीज जुळत नसेल, तर मात्र विषय गटापुढेच यायला हवा. पैसे सगळ्या जणींचे आहेत. फक्त तो तिथे मांडणार आहात, हे काकूंना आधी घरी जाऊन सांगा.