बॅटरी डिकीत हलवावी का?

प्रश्न : जुन्या मारुती ८०० च्या बॉनेटखाली हात घालायला जागा नाही. बॅटरी डिकीत नेली तर चालेल का?
— एक वाचक, चिरगाँव (जि. झाशी)

उत्तर : चालेल. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत ती कंपनीतूनच डिकीत असते. बुंदेलखंडातल्या उन्हाळ्यात इंजिनच्या धगीपासून लांब राहिलेली बॅटरी टिकतेही जास्त. पण डिकीत सीएनजीची टाकी असेल तर हा विचार सोडा.

खरा प्रश्न वायरचा. स्टार्टर क्षणभर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. पाच मीटर लांब, १० चौरस मिलिमीटरची वायर दीडशे अँपिअरला सव्वा व्होल्टहून जास्त खाते आणि सकाळी सेल्फ नुसता कण्हतो. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याचीच घ्या. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवाच. धारेवर घासून इन्सुलेशन फाटलं, की गाडी पेटते. म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतरातच मोठा फ्यूज बसवा. हे मी कळकळीनं सांगतो, कारण मिस्त्री हाच खर्च हमखास वाचवतात.

अर्थिंगसाठी रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, तेव्हा सीलबंद बॅटरी घ्या आणि तिची वाफनळी गाडीबाहेर काढा. बॅटरी पट्टीनं घट्ट आवळा. विमा कंपनीलाही आधी लेखी कळवा.