डिझेल घ्यावी का?

प्रश्न : साताऱ्याहून पुण्याला आठवड्यातून दोनदा जाणं-येणं असतं. घरात पाच माणसं. दहा-बारा वर्षं वापरायला डिझेल गाडी परवडेल का?

उत्तर : महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर होतील, तेही हायवेवर. बिनधास्त घ्या. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती जळायला गाडी सलग वेगात पळावी लागते. नुसत्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो फिल्टर चोंदतो आणि बदलायचा खर्च कंबरडं मोडतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला, तर इंजिन बंद न करता हायवेला पंधरा-वीस मिनिटं चालवा. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. डिझेल गाडी दहा वर्षांनी रस्त्यावरून काढायची अट आली होती ती दिल्ली परिसरात; आपल्याकडे नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे फिटनेस तपासून नूतनीकरण.