हेलिकॉप्टर कुठे तोडायचं?

पालकहो, पाहुणे आले की पोराला हाक मारून 'तो मोठा शब्द म्हणून दाखव बरं' म्हणणारे आईबाबा हल्ली बरेच दिसतात. शब्दही ठरलेला: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. इंग्रजीत 45 अक्षरं. पोरगं एका दमात म्हणतं, कौतुक होतं, अर्थ कुणी विचारत नाही. तुम्ही त्याला हा शब्द जरा तोडायला लावा.

टाळ्या वाजवत उच्चारानं तोडला, तर 19 टाळ्या होतात. बाराखडीवर वाढलेल्या मुलांना हे चटकन जमतं आणि जीभ अडखळत नाही. पण डोक्यात काही शिरत नाही. अर्थानं तोडून बघा. न्यूमोनो म्हणजे फुफ्फुस, अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारं, मग सिलिका, ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ आणि ओसिस म्हणजे विकार. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार! (हा शब्द 1935 साली अमेरिकेतल्या कोडीवेड्या मंडळींच्या संमेलनात पुढे आला, तोही मुद्दाम लांबवलेला. दगड फोडणाऱ्या मजुरांच्या छातीत सिलिकाची धूळ बसते, त्याला डॉक्टर नुसतं सिलिकोसिस म्हणतात.)

उच्चार आणि अर्थ एकाच जागी तुटतात असं मात्र नाही. आपण म्हणतो हे-लि-कॉप्-टर. मुळात ते आहे हेलिको आणि प्टर, म्हणजे ग्रीकमधलं मळसूत्र आणि पंख. म्हणजे गरगरणारा पंख. हाच प्टर टेरोडॅक्टिल या पुराणकाळच्या उडत्या प्राण्याच्या नावात सुरुवातीला येतो. पंख आणि बोट मिळून ते नाव झालं. इंग्रजी तोंडाला 'प्ट'नं सुरुवात करणं जड जातं, म्हणून तिथला पी मुका झाला, लिहिण्यात मात्र राहिला. न्यूमोनियातला मुका पीसुद्धा असाच ग्रीकमधून आलेला. डिक्टेशनच्या वहीत ज्या पीवरून आपण मुलांना ओरडतो, तो आगंतुक नाही, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ.

आपलं इंग्रजी यथातथाच आहे म्हणून संकोच करू नका. घरातली औषधपाण्याची फाइल काढा. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, आजीच्या गुडघ्यांचा आर्थ्रायटिस. 'आयटिस'खाली मुलाला रेघ मारायला सांगा. दाह झाला की हे शेपूट लागतं. आर्थ्रो म्हणजे सांधा, हे आजीला त्यालाच सांगू दे.

मुलं चुकीचंही तोडणारच. कार्पेट म्हणजे कार आणि पेट, म्हणून गाडीतलं मांजर! आधी मनसोक्त हसून घ्या. मग शब्दकोश उघडून व्युत्पत्ती दोघांनी मिळून बघा. तिथे गाडीही नाही नि मांजरही नाही. लोकर उपटण्या-पिंजण्याच्या अर्थाचा एक लॅटिन धातू आहे.