अन्नरक्षा : डॉ. कमला सोहोनी यांचे संशोधनकार्य व औषधालयांनी घ्यावयाचा बोध

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय 'अन्नरक्षा' या नावाने आपणां सर्वांस परिचित आहे. राजाच्या अन्नपानाची राखण हे वैद्याचे कर्तव्य, असे त्यात सांगितले आहे. आज राजे राहिले नाहीत. परंतु रुग्णाच्या ताटाची व औषधाच्या पुडीची राखण करण्याचे कर्तव्य संपलेले नाही. या दृष्टीने जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांच्या कार्याचे मनन उपयुक्त ठरेल.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा. माहेरच्या त्या भागवत. विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर १९३३ साली, पहिले वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या प्राध्यापक झाल्या व पुढे त्या संस्थेच्या संचालकपदी पोहोचल्या.

नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या संशोधनास राष्ट्रपती पुरस्कार लाभला. आरे दूध प्रकल्पास दुधाच्या गुणवत्तेविषयी त्यांनी मार्गदर्शन केले. नीरा आणि दूध ही दोन्ही द्रव्ये पोषक, पण तितकीच नाशवंत. किण्वामुळे नीरेची ताडी होते. दुधातील जंतू आम्ल निर्माण करतात व दूध नासते. पुढे ग्राहक संघटनेच्या कामात पडून, 'कीमत' या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान घरच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले पाहिजे, हे त्यांच्या आयुष्याचे सार होय.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. नासलेले दूध वासाने व चवीने कळते. रोगकारक जंतूंनी दूषित झालेले अन्न पुष्कळदा कळत नाही. आमच्या जांब समर्थ परिसरात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पंगतीनंतर वांती-अतिसाराचे रुग्ण येतात व "अन्नाला वास मुळीच नव्हता" असे शपथेवर सांगतात. ते खोटे नसते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू वाढतात. स्टॅफिलोकॉकस हा जंतू हाताळणाऱ्याच्या नाकातून वा पिकलेल्या जखमेतून अन्नात येतो. त्याचे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही व साधारणतः १ ते ६ तासांत वांती सुरू होते. साल्मोनेलामुळे होणारा ज्वरयुक्त अतिसार बहुधा ६ तास ते ३ दिवसांनी दिसतो. म्हणून अशा रुग्णास 'काय खाल्ले' याबरोबरच 'किती वेळाने त्रास सुरू झाला' हेही अवश्य विचारावे.

हाच न्याय आपल्या औषधालयास लागू आहे. आमच्याकडील एक चूर्ण रंग, गंध व चव यांत उत्तम उतरले होते. केवळ खात्रीसाठी नमुना तपासणीस पाठविला, तेव्हा त्यात ई. कोलाय आढळला. हा जंतू मलसंपर्काचे लक्षण मानला जातो. शोध घेता कारण सापडले : धुतलेली वनस्पती अंगणात गोणपाटावर वाळत घातली होती. उरलेली बॅच आम्ही नष्ट केली. परंतु अहवाल येण्यापूर्वी काही पुड्या रुग्णांच्या हाती गेल्या होत्या. त्या रुग्णांना निरोप धाडताना वाटलेली लाज आम्ही विसरलेलो नाही.

पोटात घ्यावयाच्या वनस्पतिज औषधांत एकूण जंतूंची संख्या प्रतिग्रॅम १,००,००० च्या आत व बुरशी-किण्व १,००० च्या आत असावे; ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्यूडोमोनास एरुजिनोसा मुळीच नसावेत, असे आयुर्वेदीय औषधिकोशाचे मानक आहे. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. द्रव्ये जमिनीपासून उंच, जाळीने झाकलेल्या ताटांत वाळवावीत.
२. पूर्ण वाळल्याविना कुटू नयेत. ओलसरपणात बुरशी वाढते.
३. हाताला जखम वा अतिसार असलेल्या कामगारास त्या दिवशी औषधनिर्मितीचे काम देऊ नये.
४. प्रत्येक बॅचचा अहवाल हाती आल्यावरच ती वितरणास काढावी.

कोणी म्हणतील, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही डोळ्यांनी व नाकाने द्रव्य पारखत आलो, मग ही परकी परीक्षा कशास? त्यांनी अन्नरक्षाध्याय पुन्हा वाचावा. सविष अन्नाच्या परीक्षेसाठी आचार्यांनी ते अग्नीत टाकून व पक्ष्यांना घालून पाहण्यास सांगितले आहे. अर्थात केवळ स्वतःच्या इंद्रियांवर विसंबू नये, बाह्य साधनाने पडताळावे, हा संकेत शास्त्राचाच आहे. आज ते साधन प्रयोगशाळा आहे. कमलाबाईंनी आयुष्यभर तेच हाताळले. आपणही ते आपले मानावे.