चूल, ओले लाकूड आणि धूर

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड हे गाव कवी केशवसुत यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. सन १८६६ मध्ये त्यांचा जन्म झाला, तेव्हा त्या गावी घरोघर चूल पेटत असे; आजही पुष्कळ घरी ती पेटते. फरक इतकाच की, आता तिच्या शेजारी गॅसची शेगडी आली आहे. सन २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून गरिबांच्या घरीही सिलिंडर पोहोचू लागला. तथापि सिलिंडरास रोख पैसे पडतात, आणि झावळ्या, सोडणे, करवंट्या व आंब्याकाजूच्या वाळक्या फांद्या परसातच मिळतात. म्हणून चहा गॅसवर, आणि भात, भाकरी व न्हाणीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी कोकणात बहुत ठिकाणी दिसते. चूल टाकून द्या असे सांगणे सोपे आहे. परंतु जी पेटणारच आहे ती बाईचे डोळे व लेकरांची छाती न बिघडविता कशी पेटेल, हे शिकणे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ज्वाळा ही लाकडाची नव्हे, तर तापलेल्या लाकडातून निघणाऱ्या वायूची असते. त्या वायूस पुरेशी उष्णता व पुरेशी हवा मिळाली तर तो जळून जातो आणि आपणांस अन्न शिजविण्यास ताप मिळतो. दोहोंपैकी एक कमी पडले म्हणजे तो न जळताच वर जातो. त्यालाच आपण धूर म्हणतो. सारांश, धूर हे वाया गेलेले सरपणच होय. भांड्याच्या बुडाची काजळीही त्याच जातीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सन २०२० मध्ये घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लक्ष माणसे मेली, आणि त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लक्ष ३७ हजारांहून अधिक होती. धुराने डास पळतात असे कित्येक म्हणतात. पळत असतील, पण डासांपायी मुलास खोकला लावून घेणे हा सौदा आम्हांस पटत नाही.

आता ओल्या लाकडाचा विचार करू. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मे पाणीच असते. ते पाणी आधी आटावे लागते, आणि त्यात लाकडाच्या उष्णतेचा सातवा भाग तरी खर्ची पडतो. एवढ्यानेच भागत नाही. पाणी आटत असता विस्तव थंडावतो, वायू अर्धवट जळतो, आणि स्वयंपाकघर धुराने भरते. हे दुसरे नुकसान पहिल्याहून मोठे आहे. रत्नागिरीकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणून पौष-माघातच लाकूड तोडून, फोडून उन्हात टाकावे, आणि मृग लागण्यापूर्वी जमिनीपासून हातभर उंच माचीवर, वारा खेळेल असे रचावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहाव्या: खणखणीत वाजल्या तर वाळल्या, बद्द आवाज आला तर अजून पाणी आहे.

काही जळण वाळलेले असले तरी चुलीत घालू नये. काजूच्या टरफलात दाहक चीक असतो, त्याचा धूर डोळ्यांस व घशास झोंबतो. कण्हेर विषारी आहे. तिच्या काटक्यांवर अन्न शिजवू नये. खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यांस अपायकारक, व धूरही तसाच. आणि अलीकडे चूल पेटविण्यास प्लास्टिकची पिशवी घालण्याची जी चाल पडली आहे, ती तर अगदी मोडावी. सोडणाचा वाळला काथ्या याहून चांगला पेटतो.

चुलीच्या घडणीविषयी आपल्या आज्यांस जे ठाऊक होते ते थोडे नव्हते. मुख्य चुलीच्या बाजूस वैल काढून, तिकडे जाणाऱ्या ज्वाळेवर त्या आमटी कढत ठेवीत. वाया जाणारा ताप दुसऱ्या भांड्याखाली नेणे, हेच तत्त्व पुढे वर्ध्यास मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी मगन चुलीत वापरले, आणि शेवटी धुरास धुराड्याची वाट करून दिली. सन १९५३ मध्ये डॉ. एस. पी. राजू यांचे बिनधुराच्या स्वयंपाकघरांविषयीचे इंग्रजी पुस्तक मद्रासच्या ख्रिस्ती वाङ्मय संस्थेने छापिले. सरकारनेही सन १९८३ पासून २००२ पर्यंत सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला. त्यांतील पुष्कळ चुली टिकल्या नाहीत. चूल बसवून जाणारा पुन्हा फिरकत नसे, धुराडे काजळीने बुजे, आणि मग बाई तोंडापाशी दगड काढून जुनाच प्रकार सुरू करी. दोष बाईचा नव्हता. ज्यास धुराडे बसवावयाचे त्याने ते छपराच्या आढ्याहून वर न्यावे, झावळीच्या छपरापासून दूर ठेवावे, आणि दर पंधरवड्यास झाडावे. धुराडे नसेल तर निदान चुलीत लोखंडी जाळी बसवावी. राख खाली पडते, हवा खालून येते, आणि फुंकणीचे काम कमी होते.

छपराचाही येथे संबंध आहे. बासेल मिशनने सन १८६५ मध्ये मंगळुरास कौलांचा कारखाना घातला, आणि तसली कौले पुढे कोकणभर पसरली. कौलांच्या फटींतून धूर निघून जाई, व त्या धुराने वासे किडीपासून राखले जात. आता स्लॅबचे घर बांधून जुनी चूल आत तशीच ठेवितात. तेव्हा धुरास जावयास वाटच उरत नाही. स्लॅबच्या घरी चूल पडवीत न्यावी, किंवा भिंतीत उंच झरोका ठेवावा.

उपदेशक बंधूंनी पुढील गोष्ट बायकांच्या सभेत अवश्य सांगावी. बाळंतिणीच्या खोलीत शेक देण्यासाठी निखाऱ्यांची शेगडी ठेवितात, आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. निखाऱ्यांस धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. परंतु त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो रक्तास प्राणवायूहून दोनशे पटींनी अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठेलच असे नाही. शेक द्यावयाचा तर शेगडी बाहेर ठेवून कापड तापवावे व ते आत न्यावे. निजावयाच्या खोलीत रात्री शेगडी कधीही ठेवू नये.

राहिला सरपण वाचविण्याचा प्रकार. पाणी एकदा खळखळू लागले म्हणजे जाळ वाढवून अन्न लवकर शिजत नाही. फक्त पाणी लवकर आटते. म्हणून उकळी आली की दोन लाकडे ओढून घ्यावी व झाकण ठेवावे. कडधान्य रात्री भिजत घालावे. भातास उकळी येऊन पाच मिनिटे झाली की पातेले घट्ट झाकून, पेंढा दाबून भरलेल्या खोक्यात ठेवावे, वर पेंढ्याची उशी द्यावी, आणि मध्ये उघडून पाहू नये. तासाभरात भात आपोआप शिजतो. मात्र तो गरम आहे तोवरच वाढावा.